रुखवतातला रोबो

आमच्या मुलीच्या रुखवतात रोबो होता. सुपारीचे भटजी, डाळींची रांगोळी, साखरेचं तुळशीवृंदावन हे सगळं होतंच. पण मधोमध, चांगल्या पाटावर, वीतभर उंचीचा प्लास्टिकचा रोबो. (मूळ जपानी कार्टूनमध्ये तो म्हणे सात मजली असतो. आमच्या नशिबाने हॉलला तेवढं छत नव्हतं.)

ऋचाची आणि आमच्या जावयांची, अनिकेतरावांची, ओळखच अशी रोबोंची मॉडेलं जोडता जोडता झाली. आमच्या वेळी लोक पत्रिका जुळवत. साखरपुड्यात विहीणबाईंनी सहज विचारलं, "हातकाम काय येतं गं तुला?"

"रुखवतात बघा ना काकू. मी केलेला रोबो तुम्हाला हात जोडून नमस्कार करेल."

विहीणबाई हसल्या. ते हसू नक्की कसलं होतं, यावर आमच्या डोंबिवलीच्या घरात आठवडाभर चर्चा झाली. शेवटी एवढंच ठरलं, की आता काहीही होवो, रोबोने नमस्कार केलाच पाहिजे.

ऋचाने कामाला सुरुवात केली. आधी आतला सांगाडा, त्याचे सांधे, मग वरून चिलखत. सगळं खटाखट एकमेकांत बसतं, गोंद अजिबात लागत नाही. सूचना जपानी भाषेत होत्या, पण तिला चित्रं पुरत. लग्नाच्या आठवड्यात मात्र ऑफिसने तिला असं धरून ठेवलं, की घरी ती फक्त मेंदी काढून घेण्यापुरती दिसायची.

"बाबा, फक्त हात राहिलेत," ती बुटात पाय घालताना म्हणाली. "खांद्यात दाबायचे, खट् आवाज आला की झालं. बाकी कशाला काही करू नका."

मी कोलशेतच्या कारखान्यात आयुष्यभर मेंटेनन्स बघितलेला माणूस. मला सांगते, काही करू नका!

सुटे भाग प्लास्टिकच्या चौकटीत अडकलेले असतात, ते कापून काढायचे. तिची छोटी कापायची पक्कड सापडेना, म्हणून मी नेलकटर घेतला. पहिलाच तुकडा टुणकन उडाला आणि फ्रिजखाली गेला. मी फ्रिज ओढायला लागलो तशी बायको आतून म्हणाली, "अहो, हलवताच आहात तर मागचं पुसूनही घ्या." मी पुसून घेतलं. कंबर धरली. पण हात जोडले, खांद्यात दाबले आणि दोन्हीकडून खट् आवाज आला. लग्नाच्या त्या सगळ्या गडबडीत मला मिळालेलं तेवढंच समाधान.

तेवढ्यात खडवलीहून ताई आली. ताई म्हणजे माझी मोठी बहीण, आमच्या घराण्यातल्या यच्चयावत रुखवतांची मुख्य. तिने रोबो उचलला आणि कानाशी धरून हलवला.

"हे खुळखुळतंय."

"सांधे आहेत ताई. ते हलायलाच हवेत."

"डिंक कुठे लावलायस?"

"याला डिंक लागत नाही."

"डिंकाशिवाय रुखवत? अरे, आपल्या नलूच्या लग्नात साखरेच्या देवळाचा कळस टेंपोत पडला. तिची सासू अजून बोलते."

"नलूला नातवंडं झाली ना?"

"झाली. तरी बोलते."

माझ्या डोळ्यांपुढे विहीणबाई आल्या. ड्रॉवरमध्ये चपलेला लावायचा झटपट गोंद होता, तो काढला. खांद्यात एकेक थेंब सोडला. "अजून सोड," ताई म्हणाली, "टेंपो आहे तो, पालखी नव्हे." गोंद छातीवर ओघळू नये म्हणून मी रोबोचे दोन्ही हात वर केले, आणि फोन वाजला.

केटरर होता. "काका, मठ्ठ्यात मिरची घालायची का?" बायको म्हणाली घाला, ताई म्हणाली नको, मग विहीणबाईंना विचारावं लागलं, त्यांनी अनिकेतरावांच्या मामांना विचारलं. मिरचीचा निकाल लावून मी परत आलो, तेव्हा रोबो दोन्ही हात वर करून उभा होता. हात खाली ओढले, हलेनात. बायकोने खोबरेल चोळायला सांगितलं. रोबो चकाकायला लागला, हात तिथेच. जरा जोर लावला तर आतून कट् असा आवाज आला. खट् आणि कट् यांतला फरक मेंटेनन्सवाल्याला सांगावा लागत नाही. मी सोडून दिलं.

ऋचा घरी आली. तिने रोबो पाहिला, मग मला पाहिलं.

"बाबा, गोंद?"

मी ताईकडे बोट दाखवलं. ताई दूध बघायला स्वयंपाकघरात गेली.

"मी काकूंना सांगितलंय हो, हा नमस्कार करेल म्हणून," ऋचा म्हणाली आणि मेंदीचे हात तसेच मांडीवर ठेवून बसून राहिली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. मला फार वाईट वाटलं. लग्न परवावर होतं, आणि दुसरा रोबो कुठून आणणार?

हॉलवर विहीणबाई रुखवत बघायला आल्या. पाटासमोर बराच वेळ थांबल्या.

"हा नमस्कार करणार होता ना?"

ऋचाने मान खाली घातली. "काकू, ते..."

"अहो, तो रोबो नाहीच," ताई मध्येच म्हणाली. "तो मुलीचा बाप आहे."

विहीणबाईंनी मान वळवली. मी नेमका तेव्हा दोन्ही हात वर करून पलीकडच्या वाढप्यांना पंगत थांबवायची खूण करत होतो, घामाने भिजलेल्या कोटात. विहीणबाई हसल्या, पदर तोंडाला लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. या हसण्यावर चर्चेची गरज पडली नाही. मग त्यांनी स्वतःच रोबोपुढे हात जोडले आणि ऋचाला जवळ घेतलं.

आता तो रोबो कोलशेतला, लेकीच्या दिवाणखान्यात असतो. माझा कारखाना पाडून उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये. गोंद सोडवता येईल असं अनिकेतराव म्हणतात, पण विहीणबाई हात लावू देत नाहीत. मी गेलो की सोफ्यावर टेकतो आणि आम्ही एकमेकांकडे बघत बसतो. मलाही आता दोन्हीकडे फ्रोझन शोल्डर आहे. आमच्यात फरक एवढाच, की त्याचे हात खाली येत नाहीत आणि माझे वर जात नाहीत.