मागच्या पंखावरची काळी रेघ

मी तेव्हा मसाटच्या एका कारखान्यात उशीचे अभ्रे तपासायचे. लग्न होऊन शिरपूरहून सिल्वासाला आले, डोकमर्डीत खोली घेतली आणि महिन्याभरात चेकिंगच्या टेबलाशी उभी राहिले. डाग, भोक, उसवलेली शिवण दिसली की लाल स्टिकर लावायचं, एवढंच काम. अमेरिकेची ऑर्डर चालू होती. पांढऱ्या अभ्र्यावर नारिंगी फुलपाखरू.

एका सकाळी क्वालिटीच्या साहेबांनी सगळ्यांना गोळा केलं. साहेब चिपळूणचे, कधी आवाज न चढवणारे. म्हणाले, "तिकडून मेल आलाय. आपण मोनार्क छापायचा होता. छापलाय व्हाइसरॉय."

कुणाला काही कळलं नाही. साहेबांनी दोन फोटो ठेवले. दोन्ही नारिंगी, दोन्हींच्या शिरा काळ्या, काळ्या काठात पांढरे ठिपके. पण एकाच्या मागच्या पंखावर शिरांना आडवी छेदणारी काळी रेघ होती. तो व्हाइसरॉय. रेघ नसलेला मोनार्क.

"ही रेघ आली कुठून?"

"मीच टाकली," प्रिंटिंगचे मास्टर म्हणाले. ते वापीचे, मराठीत गुजराती मिसळून बोलणारे. "त्याशिवाय पंख सारू नाय वाटत."

"मास्टर, त्याने जात बदलली."

"तो शुं? डोकं तर उशीवरच ठेवायचं ने."

मग साहेबांनी समजावलं. मोनार्कची अळी आपल्या रुईसारख्या चिकाच्या झाडावर वाढते, म्हणून तो कडू होतो. एकदा चाखलेला पक्षी पुन्हा त्याच्या वाटेला जात नाही. व्हाइसरॉयही चवीला फारसा बरा नसतो आणि तो दिसतो तसाच, म्हणून पक्षी दोघांनाही सोडतात.

मी विचारलं, "पक्षी फसतो, आणि आम्ही ओळखायचं?"

"हो. पक्ष्याला मेल येत नाही."

नवा माल बिनरेघेचा आला. पाठोपाठ दुसरा मेल: नर आहे की मादी? नराच्या दोन्ही मागच्या पंखांवर एकेक काळा ठिपका असतो म्हणे. मीटिंग बसली आणि नर ठरला. मास्टरांनी ठिपके टाकले. आम्हाला सांगायचं मात्र राहून गेलं. सकाळभर मी नरांना डाग समजून लाल स्टिकर लावत होते. दुपारी ती सगळी सोलली.

त्याच आठवड्यात शटरमधून एक खरं फुलपाखरू आत आलं आणि माझ्या टेबलावरच्या गठ्ठ्यावर बसलं. नारिंगी, काळ्या काठाचं. साहेब भिंग घेऊन आले. बराच वेळ वाकून बघितलं.

"शिरा काळ्या नाहीत. मागच्या पंखाच्या मधोमध ठिपके. हे आपल्याकडचं, रुईवरचं. मोनार्कच्या भावकीतलं."

"मग पास की नापास?"

साहेबांनी ऑर्डरचा कागद पाहिला, फुलपाखरू पाहिलं, पुन्हा कागद पाहिला. "नापास."

मी स्टिकर सोलून बोटावर घेतलं. तेवढ्यात ते उडालं. स्टिकर कुठे लावावं ते मला कळेना. साहेबांनी भिंग खिशात ठेवलं. ते म्हणाले, "राहू दे."

कंटेनर गेला. तिसरा मेल आला नाही. रेघवाले अभ्रे कामगारांना वाटले, त्यामुळे डोकमर्डीतल्या दोऱ्यांवर कितीतरी दिवस व्हाइसरॉय वाळत होते.

पुढे एका रविवारी नणंदेबरोबर दादऱ्याच्या तळ्यावरच्या बागेत गेले. फुलांवर तसंच एक नारिंगी फुलपाखरू बसलेलं दिसलं, म्हणून मी गुडघे टेकले. रखवालदार जवळ आला.

"काय हरवलं, ताई?"

"काही नाही. नर आहे का बघतेय."

त्याने फुलाकडे पाहिलं. मग काठी बाजूला ठेवून तोही वाकला.