घागरीतला वारा

संतपूरच्या गुरप्पाचं सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या विहिरींत गेलं. कुणाची बादली पडो की कुणाची सून, बोलावणं गुरप्पालाच. बुड्या मारणारं घर गावात एकच, त्यामुळं नाही म्हणायची सोयच नव्हती.

त्याची एक युक्ती होती. तांब्याची घागर पालथी धरायची, तिच्या गळ्याला जड दगड बांधायचे, नाहीतर ती बुडतच नाही, आणि दोरानं तळाशी सोडायची. आत वारा अडकून राहतो. दम संपला की घागरीत तोंड घालून श्वास घ्यायचा. एकदा त्यानं मला विचारलं, "गुरुजी, वर घागर भरून वारा असतोय, तीस फुटांवर अर्धाच. बाकीचा कुठं जायलाय?"

मी शाळेत विज्ञान शिकवायचो. असं गिऱ्हाईक कोण सोडतो! "कुठंच जात नाही. पाण्याच्या भारानं दाबला जातो. अर्ध्या घागरीत सगळा वारा असतो," मी ऐटीत सांगितलं. शेजारी त्याचा धाकटा भाऊ मल्लप्पा बसला होता. "म्हंजे खाली एका घोटात दोन घोटांचा दम!" तो हसला. मीही हसलो.

निजामाचं राज्य गेल्यावर, एकोणपन्नासच्या हिवाळ्यात, झडत्या चालू होत्या. पोलीस अ‍ॅक्शनला भिऊन कुणीतरी गावविहिरीत दोन बंदुका टाकल्याची खबर लागली, आणि एक जमादार शिपाई घेऊन आला. बंदुका निघाल्या नाहीत तर दोघा भावांना बिदरच्या तुरुंगात घालतो म्हणाला. गुरप्पाचा कान फुटून पू येत होता. वर्षानुवर्षं पाण्याच्या दाबाचा मार. मल्लप्पा म्हणाला, "अण्णा, तू बस. मी जातो." घागर घेऊन तो पहिल्यांदाच उतरत होता.

पायऱ्यांवर मी होतो, गुरप्पा होता. दोघांनाही त्याला काही सांगावंसं वाटलं नाही.

बऱ्याच वेळानं दोराला हिसका बसला. शिपायांनी बंदूक ओढून घेतली. पाठोपाठ मल्लप्पा वर आला, गाल फुगवून, ओठ घट्ट मिटून. पाण्यात दम सोडायचा नाही हे आमच्याकडं पोहायला लागल्या दिवशी शिकवतात. वरून नेलेल्या दमाला ते ठीक. हा दम तळाचा होता, दाबलेला. पाण्याचा भार उतरत गेला तसा तो छातीतच दुप्पट फुगला. मल्लप्पानं पायरीला हात लावला आणि त्याच्या तोंडातून फेसाळ रक्त आलं. आम्ही त्याला ओढून घेईपर्यंत तो गेला होता.

भार कमी झाला की वारा पुन्हा फुगतो, हे माझ्या पुस्तकात पुढच्याच ओळीत होतं. ती ओळ मी सांगितली नव्हती. आजही मला त्याची लाज वाटते.

गुरप्पानं भावाचं डोकं मांडीवर घेतलं. "खोलातला मासा गळानं वर वडला की बुडबुडे सोडत येतोय, गुरुजी. ते बघून मीबी तसाच दम सोडत यायचो. ह्याला कामून सांगितलं न्हाई मी?"

जमादार बंदूक पुसत होता. "आणि दुसरी?"

  गुरप्पानं मल्लप्पाचं डोकं हळूच पायरीवर टेकवलं, कानात कापूस कोंबला आणि पाण्यात उतरला.

त्या विहिरीत दुसरी बंदूक नव्हतीच. जमादाराला ते पटेपर्यंत गुरप्पा सहा वेळा तळाशी जाऊन आला.