कंगव्याचा हात

जो भेटायला येई त्याचं एकच पालुपद: "नशीब, उजवा हात वाचला!" अर्धांगाच्या झटक्याने दादाचा डावा हात लुळा पडला होता. ते ऐकलं की माझा हा थोरला भाऊ भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. शेवटी एकदा माझ्यावरच खेकसला.

"तीस वर्षं केस कापतोय मी. अगं, कात्री कुणीही चालवेल! केस उचलून धरतो तो कंगवा. आणि कंगवा कुठल्या हातात असतो?"

डाव्या! मी कपाळावर हात मारला. इतकी वर्षं त्याच्याकडून केस कापून घेतले, पण हे कधी लक्षातच आलं नाही.

वहिनी नोकरीवर जाते, म्हणून त्याला हॉस्पिटलच्या व्यायामाला मी न्यायची. वरच्या मजल्यावर गोलात मांडलेल्या खुर्च्या, आणि बसल्याबसल्या करायची ताय ची, म्हणजे तो संथ चिनी व्यायाम. शिकवणारी मुलगी मिनिटाला दहादा "हळू" म्हणायची, म्हणून आम्ही तिला हळूबाईच म्हणायचो. श्वास घेत दोन्ही हात छातीपर्यंत न्यायचे, सोडत खाली आणायचे, जसे काही पाण्यातून फिरताहेत.

"हा काय पोरखेळ!" दादा पुटपुटायचा, पण एक दिवस चुकवायचा नाही. कारण त्याने केस कापणाऱ्या दुसऱ्या एका कारागिराला शब्द देऊन ठेवला होता: चार महिन्यांत हात वर गेला नाही, तर दुकानाच्या किल्ल्या तुझ्या.

साडेतीन महिने गेले. बोटं कंगवा धरू लागली, पण हात छातीच्या वर म्हणून जाईना. खांदा मात्र कानाला जाऊन टेकायचा! "खांदा नको काका, हात," हळूबाई सांगून दमली. एकदा घरी येताना दादा रडकुंडीला येऊन म्हणाला, "हात नेमका कुठे आहे तेच कळत नाही गं."

आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला! या माणसाने जन्मभर स्वतःचे हात आरशात बघितलेत. व्यायामाच्या खोलीत आरसाच नव्हता! तशीच उलटपावली जाऊन हळूबाईला विचारलं. ती म्हणाली, "अहो, करून बघा की!"

दुसऱ्या दिवशी सकाळीच दुकान उघडलं आणि दादाला आरशासमोर गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसवलं. "या खुर्चीत मी कधी बसलोच नाही," म्हणत तो अवघडून इकडेतिकडे बघत राहिला.

"गप बसा हो गिऱ्हाईक! खांदा सैल सोडा," मी दरडावलं.

त्याने आरशातल्या हातावर नजर रोखली. श्वास घेतला. हात उठला, छातीशी आला, थरथरला... आणि चक्क चार बोटं वर गेला! मी अशी किंचाळले की शेजारचा चांभार हातातला बूट घेऊनच धावत आला.

मग रोज सकाळी तेच. आज गळ्यापर्यंत, परवा हनुवटीपर्यंत. वहिनी रोज संध्याकाळी विचारायची, "आज कुठवर?" मी माझ्याच अंगावर बोट ठेवून दाखवायची.

किल्ल्या द्यायचा दिवस उजाडला. व्यायाम झाला तसा दादा उठला, उंच स्टूल ओढून त्यावर बसला आणि खुर्चीकडे बोट केलं. "बस."

"मी? अरे, परवा लग्नाला जायचंय मला!"

"बस म्हणतो ना!"

बसले. कंगवा केसांत शिरला. वर आला, डगमगला, थांबला. माझा जीव टांगणीला. कात्रीचा कचकन आवाज झाला आणि बटा मांडीवर पडल्या. पुन्हा कंगवा वर. पुन्हा कचकन! आरशात बघते तर डावी बाजू उजवीपेक्षा दोन बोटं आखूड. अवतार नुसता! पण मला इतका आनंद झाला, इतका आनंद झाला, की हसू का रडू कळेना.

"हलू नकोस. दुसरी बाजू राहिलीय," दादा घाम पुसत म्हणाला.

तेवढ्यात दार उघडलं. किल्ल्या न्यायला आलेला तो कारागीर दारातच थबकला. एकदा माझ्या डोक्याकडे आणि एकदा दादाच्या वर धरलेल्या हाताकडे बघत राहिला.

दादाने मान वळवली नाही. कंगवा तसाच उचलून धरत आरशातूनच म्हणाला, "बसा. हिचं झालं की तुमचा नंबर."