धाकटीचं बेट

माझी धाकटी बहीण परदेशात गोल्फची मैदानं आखते. मी कुंभकोणमला घरांचे नकाशे काढते. दोघींना नकाशा वाचायला शिकवलं अप्पांनी. ते पाटबंधारे खात्यात ओव्हरसीअर होते. गेल्या पोंगलला ती आली आणि एका बेटावरचं आपलं नवं मैदान तिने टीव्हीवर लावलं. अप्पांनी खुर्ची पुढे ओढून घेतली. माझ्या नकाशांसाठी ती कधी ओढली गेली नव्हती. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते खोटं नाही.

मी खोट शोधायलाच बसले होते. बेटावर झाड असं नाहीच, नुसत्या गवताळ वाळूच्या टेकड्या आणि चहूकडे समुद्र. तिने एकही टेकडी हलवली नव्हती. चेंडूची वाट त्यांच्यामधून वळवत नेली होती. सकाळी वारा पाठीशी असतो, दुपारी तोंडावर येतो, म्हणून तेच मैदान दुपारी निराळंच खेळावं लागतं. मी विचारलं, पावसाचं पाणी कुठे जातं? वाळूत मुरतं, ती म्हणाली. तेही बरोबर होतं. माझ्या पोटात आणखीच दुखायला लागलं.

वर हे मैदान कुठल्या क्लबाचं नाही. होडीने यावं, तिकीट काढावं, खेळावं, कोणीही. कोणाही ऐऱ्यागैऱ्यासाठी एवढा थाट कशाला, असं मी बोलून गेले. कोणी लक्ष दिलं नाही.

अप्पांनी आमच्या घरच्या जुन्या वळणाच्या मराठीत एकच प्रश्न विचारला. "खेळ येत नहीं त्याणें कोठें बैसावें?"

ती हसली. समुद्रात घुसलेलं बेटाचं सगळ्यात देखणं टोक तिने दाखवलं. मालकांना तिथे हॉटेल हवं होतं. ती भांडली आणि तिथे दगडी ओटा बांधून घेतला, आमच्या दारापुढे आहे तसाच, येणाऱ्याजाणाऱ्याने टेकायला. त्यावर बाजाराची पिशवी मांडीवर घेऊन कोणी म्हातारी बसली होती. अप्पा कितीतरी वेळ त्या म्हातारीकडे बघत राहिले.

मग ते माझ्याकडे वळले. "तूंही दाखव की. तुझें कधीं दाखवलेंस नहीं."

हे ऐकायला माझी अर्धी हयात गेली होती. मी धावत जाऊन लॅपटॉप आणला. सगळ्यात वरचाच नकाशा उघडला: दारासुरमच्या एका विणकराचं घर. रस्त्याकडचा ओटा तोडून तिथे गाडीसाठी फाटक. मालकाने मागितलं, मी काढलं. हल्ली सगळेच मागतात.

अप्पांनी चष्मा पुसला. फाटकाशेजारच्या रेघेवरून हळूहळू बोट फिरवलं.

"भिंत सरळ आहे," ते म्हणाले.

धाकटीने घाईघाईने टीव्ही बंद केला. तिला माझी दया आली होती. हेवा मी तिचा जन्मभर केला. राग मात्र त्या दिवशी आला.