कूलरमधली श्रद्धा

या जगातले यच्चयावत पक्षी देवाने केवळ माझ्या साडभाऊंना बोलायला विषय मिळावा म्हणून घडवले आहेत, याबद्दल माझ्या मनात आता तिळमात्र शंका उरलेली नाही. साडभाऊ म्हणजे बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. मीही त्यांचा साडभाऊच, त्यामुळे आम्ही एकमेकांना एकाच नावाने हाक मारतो आणि तिऱ्हाइताला वाटतं, एकच माणूस स्वतःशी भांडतो आहे. निवृत्त झाल्यावर माणसं गुडघे धरून बसतात किंवा पोथी धरून बसतात. यांनी पाखरं धरली. पक्ष्यांची ओळख म्हणाल तर कावळा, चिमणी, कोकिळा, कबुतर, पोपट, बदक आणि बगळा. त्यापलीकडचं सगळं 'एक पाखरू'. पण प्रत्येक पाखरू माणसाला काहीतरी शिकवतंच, आणि काय शिकवतं, तर श्रद्धा. फुटाळा तलावावर बगळा एका पायावर उभा दिसला की हे स्कूटर थांबवून हात जोडणार. "पाहा गा साडभाऊ, कसा ध्यानाले लागला." तेवढ्यात बगळा चोच मारून मासोळी गिळतो. "पाह्यलं? ध्यान केलं का प्रसाद भेटते." मासोळीच्या श्रद्धेचं काय, असं विचारलं तर म्हणतात, "तुम्ही लय शंका काढता बावा." कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडं घालते, या धडधडीत फसवणुकीवरही त्यांचे डोळे भरून येतात. "परक्यावर एवढा भरवसा कोण ठेवते आजकाल?" उद्या यांच्या प्लॉटवर कोणी घर बांधलं तर हे वास्तुशांतीला आहेर घेऊन जातील.

या विद्वत्तेवर मी हसतो खरा, पण हसता हसता तिच्यामागे जातो, हा माझा जुना रोग. सावनेरकडे एका लग्नाला आम्ही दोघं माझ्या गाडीवर निघालो. मी मोबाईलवर रस्ता लावत होतो, तर त्यांनी मोबाईल काढून स्वतःच्या खिशात टाकला. "हिवाळ्यात बदकं कुठून कुठून येतात. त्याइच्याजवळ मोबाईल असते का?" नसतो, हे मला पटलं. मग मी बदकासारखी गाडी हाणली. मंडप दिसला, बँड वाजत होता, अक्षता टाकल्या, आहेराचं पाकीट दिलं, पंगतीत बसलो. हात धुताना फलकावरचं नवरीचं नाव वाचलं, तर ही नवरी आमची नव्हे. गावही आमचं नव्हे. मी ओल्या हातांनीच गाडीची किल्ली काढली. साडभाऊ मात्र जिलेबीचं ताट घेऊन येणाऱ्याला थांबवत होते. "इथलं अन्न आपल्या नावानं लिहेल होतं," ते म्हणाले. आहेराचं पाकीट कोणाच्या नावाने लिहिलेलं होतं, ते मी विचारलं नाही.

त्यांना तोडीस तोड भेटले ते एकदाच, नरखेडचे आमचे मामेसासरे. त्यांच्या बागेत पोपटांचा थवा संत्र्यांवर उतरला, आणि मामा रिकामा डबा बडवत धावले, तर साडभाऊंनी त्यांचा हात धरला. "खाऊ द्या मामा. देवाचा वाटा हाय थो." मामांनी शांतपणे डबा आणि दांडकं त्यांच्या हातात दिलं. "बरोबर हाय, जावई. तुमची देवाशी ओळख हाय तं तुम्हीच त्याले वाजवून सांगा, वाटा झाला म्हणून." दुपारभर साडभाऊ डबा वाजवत बागेतून फिरत होते. त्यातूनही त्यांनी काही धडा काढला असणार, पण डब्याच्या आवाजात तो कोणाला ऐकू आला नाही.

इथवर सगळं हसण्यावारी होतं. यंदाच्या मे महिन्यात मात्र जरीपटक्याच्या त्यांच्या घरी, खिडकीतल्या कूलरमध्ये कबुतर शिरलं. मागची वाळ्याची ताटी फाटलेली होती. तिथून आत येऊन त्या बयेने पंख्याच्या गोल पट्टीवर चार काड्या टाकल्या आणि त्यावर अंडी दिली. ताट्या बदलायला आलेल्या माणसाला साडभाऊंनी दारातून परत पाठवलं. अंडी फुटून पिल्लं उडेपर्यंत कूलर बंद. नागपुरात, मे महिन्यात. हे वाक्य बाहेरच्या माणसाला साधं वाटेल. इथल्या माणसाने तेवढ्यावर वकील गाठला असता. ताईने, म्हणजे साडभाऊंच्या बायकोने, वकील गाठला नाही, पिशवी भरली आणि ती आमच्याकडे आली.

"भाऊजी, मले सांगा," ती मला म्हणाली, "त्या कबुतरीच्या बाळंतपणात मी काहून भाजून घेऊ? बरं, प्लग तरी काढून ठेवा म्हटलं, तं हे म्हणते, पाखरानं आपल्यावर भरवसा टाकला, आपण प्लग काढला तं तो भरवसा कसला? आता कूलर सुरू होईन त्याच दिवशी मी त्या घरात पाय ठेवीन."

साडभाऊंचा फोन आला. "येईन ना थे. पाखरू फिरून फिरून घरट्यातच येते," ते मला सांगत होते. ताईने माझ्या हातून फोन ओढला. "मंग त्याच पाखराले म्हणा, पोळ्या लाट." आणि फोन ठेवला. दिवस जात राहिले. आमच्या घरीही कूलर एकच. त्याच्यासमोर दोघी बहिणी झोपायच्या आणि मी स्वयंपाकघरात फ्रिजचं दार उघडझाप करत पडायचो. तेव्हा हा संसार सावरण्याची तळमळ सगळ्यांत जास्त मला होती, हे कबूल करायला हरकत नाही.

डोक्याला दुपट्टा गुंडाळून भर दुपारी मी जरीपटक्याला पोचलो. साडभाऊ उघड्या अंगावर ओला टॉवेल घेऊन बसले होते. दाढी वाढलेली, समोर ताटलीत कोरडा चिवडा. बगळ्याची गोष्ट नाही, कोकिळेची नाही. मी टेकायच्या आत त्यांनी विचारलं, "तिनं काही निरोप देला का?" नाही म्हणालो. ते "बरं" म्हणाले आणि माझ्यासाठी पाणी आणायला आत गेले.

नागपूरचा माणूस मे महिन्यात कोणाच्या घरी शिरला की आधी चप्पल काढतो की आधी कूलरचं बटण फिरवतो, हे त्याचं त्यालाही सांगता येत नाही. बटणावर चिकटपट्टी होती. मला वाटलं, ढिलं झालं असेल. मी पट्टीसकट फिरवलं.

खडखड असा आवाज झाला. पंख फडफडत काहीतरी मागच्या ताटीतून निसटलं, आणि जाळीतून काड्या, पिसं, पांढऱ्या कवचाचे तुकडे नि ओला चिकटा माझ्या शर्टावर येऊन पडला. मी बटण बंद केलं तेव्हा साडभाऊ पाण्याचा गिलास घेऊन दारात उभे होते.

माझ्या तोंडून काय निघावं? "साडभाऊ, प्लग तरी काढून ठेवायचा होता."

"हव," ते म्हणाले. "काढाले पाह्यजे होता."

त्यांनी गिलास मला दिला, गुडघ्यावर बसून काड्या वेचल्या आणि परत त्या पट्टीवर रचून ठेवल्या. उगीचच. अंगणात जाऊन मी ताईला फोन केला, की अडचण दूर झाली, कूलर मोकळा आहे. मला वाटलं, शाबासकी मिळेल. ती एवढंच म्हणाली, "त्याइले सांगतलं?" मी म्हणालो, त्यांच्यासमोरच झालं. तिने फोन ठेवला.

ऊन कलल्यावर कबुतर आलं. खिडकीच्या गजावर बसलं, मान तिरपी करून आत पाहिलं, कूलरच्या टपावर इकडून तिकडे चाललं आणि उडून गेलं. मी साडभाऊंकडे पाहत बसलो. ज्या धड्यांची मी आजवर टर उडवली, त्यातला एखादा त्यांनी आत्ता सांगावा, असं मला फार वाटलं. विरक्तीचा सांगा, क्षमेचा सांगा, मी शंका काढणार नव्हतो. शेवटी मीच विचारलं, "याच्यातून काय घ्यायचं, साडभाऊ?"

"काही नाई गा," ते म्हणाले. "पाखरू होतं."

दिवेलागणीला ताई ऑटोतून उतरली. भांडायच्या तयारीने आली असावी. पण त्या रचलेल्या काड्या पाहिल्या आणि पिशवी खुंटीला अडकवली. मग काड्या अलगद काढून तिने बाहेर झाडाखाली ठेवल्या आणि कूलरमध्ये टाकायला पाण्याची बादली भरली. साडभाऊंनी उठून ती तिच्या हातातून घेतली.

"दुपारी जेवले का?"

"खाल्लं थोडंसं."

कूलर सुरू झाला. साडभाऊंनी आपली खुर्ची भिंतीकडे ओढली, वारा लागणार नाही अशी. ताईने ते पाहिलं आणि आपली खुर्ची त्यांच्याजवळ नेऊन ठेवली. कूलरसमोरची जागा रिकामी राहिली. मी तिथे बसलो नाही, असं लिहायला छान वाटलं असतं. पण मे महिना होता, मी बसलो. मागे भिंतीशी ती दोघं हळू आवाजात काहीतरी बोलत होती. कूलरच्या घरघरीत मला त्यातलं काहीच ऐकू आलं नाही.