मागं हाय!

त्या खेळाची माझी पहिली आठवण वासाची आहे. खेळाला वास नसतो हे मलाही कळतं. तरी सांगते, आला. पडद्यावर पडकं इस्पितळ, गुडघाभर काळं पाणी, पाण्यावर तरंगणारे केसांचे पुंजके, आणि माझ्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या दंडात वळवळणारा बोटभर किडा. तो मी चिमट्यानं ओढून काढायचा होता. सावकाश ओढला तर अख्खा निघतो, घाई केली तर तुटतो आणि उरलेला आत अंडी घालतो. शेजारचा माणूस म्हणजे माझा धाकटा भाऊ. तो पुण्यात त्याच्या फ्लॅटमध्ये बसलेला, मी केजला माझ्या भाड्याच्या खोलीत. रविवारची दुपार, नुकतीच जेवलेली. किडा तुटला, भाऊ बोंबलला, आणि मी उठून मोरीत जाऊन चूळ भरून आले.

असले खेळ जी माणसं बनवतात त्यांना घरी कोण जेवायला वाढत असेल, असा प्रश्न मला तेव्हाही पडला होता आणि अजूनही पडतो.

खेळ चौघांनी मिळून खेळायचा. इस्पितळात चार फ्यूज दडवून ठेवलेले, ते शोधून लिफ्टला बसवायचे आणि जिवंत बाहेर पडायचं. सांगायला एवढंच. पण आत एक जनावर फिरतं. त्याला डोळे नाहीत, अंगावर कातडी नाही, फक्त कान. आपण माइकवर जे बोलतो ते त्यालाही ऐकू जातं. म्हणून कुजबुजायचं. सोबतीच्या माणसापासून लांब गेलं की त्याचा आवाज बारीक होत होत बंद होतो, मग त्या घाणीत आपण एकटे. आणि चौघंही मेले की सगळं पहिल्या पायरीपासून पुन्हा. दोन तासांची मेहनत पाण्यात, तीही त्या पाण्यात.

भावाच्या ऑफिसातले दोघे मित्र आणि तो, असे तिघे होते. चौथा होता, त्याला किळस आली आणि त्यानं सोडलं. शहाणा माणूस. मग भावाला माझी आठवण झाली. त्यानं त्याचा जुना लॅपटॉप आधीच मला देऊन टाकला होता, मी त्यावर पोरांना टायपिंग शिकवायची. "ताई, तुझे कान भारी आहेत," तो म्हणाला. ते खरं होतं. लहानपणी आम्ही दोघं आईबरोबर शेरडांमागं फिरायचो, आणि दोन टेकड्यांपलीकडची कुठली शेळी काटेरी झुडपात अडकली हे मी घुंगराच्या आवाजावरून सांगायची. त्या विद्येचा उपयोग शेवटी कातडी सोललेल्या जनावराची पावलं ओळखायला झाला.

मला त्या खेळाची शिसारी होती, मग मी का खेळायची? खरं ते सांगते. त्या दोन तासांत माझा भाऊ दर मिनिटाला विचारायचा, "ताई, कुठं आहेस? ताई, ऐकतेस ना? ताई, मला सोडून जाऊ नकोस." एरवी त्याला दोन-दोन महिने माझी आठवण यायची नाही. सोपा खेळ असता तर त्याला माझी गरजच पडली नसती. माणसं म्हणतात, असले अवघड खेळ लोक जिंकण्यासाठी खेळतात. मी तर हरायची वाट बघायची. हरलो की पुढचा रविवार पक्का. भावानं हाक मारावी म्हणून बाई सडक्या पाण्यात उतरते, याचीही मला किळस यायची, आणि शनिवारपासून मी माइक तपासून ठेवायची.

पहिल्याच रविवारी घोळ झाला. आम्ही एका जिन्याखाली होतो. भावाचा एक मित्र पुढं, त्याच्यामागं मी. मला पावलं ऐकू आली, अगदी जवळ. मी कुजबुजले, "मागं हाय."

तो थांबला. वळला. आणि पुणेरी गोडव्यानं म्हणाला, "हाय, ताई!"

"आरं हाय, मागं हाय, हाय ना!"

"हाय, हाय," तो हसत म्हणाला, आणि जनावरानं त्याचं मुंडकं उपटलं. रक्त माझ्या पडद्यावर आडवं उडालं. जनावर निघून गेल्यावर उरलेले हसले. मीही हसले, खोटं कशाला बोलू. चूक मजेशीरच होती.

पण मजा तिथं थांबली नाही. त्या खेळात मेलेल्याला जिवंतांचं सगळं ऐकू येतं, त्याला मात्र बोलता येत नाही. पुढच्या रविवारी मी लवकर मेले. मी ऐकतेय हे विसरून ते दोघे मित्र माझ्यासारखं बोलून दाखवायला लागले. "पाणी लई हाय," "फ्यूज न्हाई," "कावून मरायलाव," म्हणजे का मरताय, असं चाललेलं. भाऊ थांबवेल म्हणून मी वाट बघत होते. तो सगळ्यांत मोठ्यानं हसत होता. त्यानं तर दोन शब्द त्यांना दुरुस्त करून दिले. किडे, आतडी, पू भरलेल्या बादल्या, सगळं मी सहन केलं होतं; ते हसणं मला सहन झालं नाही.

संध्याकाळी त्याचा मेसेज आला. "ताई, राग नको मानू. पण 'आहे' म्हणत जा ना. त्यांना कळत नाही, गेम जातो."

मला काय 'आहे' येत नाही? दिवसभर क्लासमध्ये मी 'आहे' आणि 'नाही'च बोलते. पण तिथं माझ्या मानगुटीवर जनावर बसलेलं नसतं. भीतीत जीभ आपल्या मूळ गावी पळते. तरी मी सराव केला. चहा उकळताना गॅससमोर उभी राहून "मागे आहे, मागे आहे" म्हणायची. शेजारीण विचारून गेली, मागे कोण आहे म्हणून. एवढं करून खेळात व्हायचं काय, की मी "मागं ह..." म्हणून अडायची, "आहे" आठवायची, आणि तेवढ्यात कुणीतरी फाडला जायचा. शुद्ध बोलण्यापायी मी तिघांना कितीदा मारलं याची गणती नाही.

माझं एक वेळ सोडा. पण ही 'आहे'ची साथ आईपर्यंत पोचली होती, आणि ती मला डोळ्यांनी दिसत होती. आई गावाकडं एकटी असते, चार शेरडं सांभाळते. पूर्वी भावाचा फोन आला की अर्धा तास बोलायची. कुठल्या शेळीला काय झालं, कुणाचं लग्न कुठं जमलं, लिंबाचं झाड कसं वठलं. आता तो "काय करते आहेस आई, औषध घेतलंस का," असं धुतलेलं बोलायचा आणि ती "हं, हं" करायची. मग फोन ठेवून मला लावायची.

"कावून असं बोलतंय गं ते?" तिनं एकदा विचारलं. "रागावलंय का? म्या काय बोलले का त्याला?"

"न्हाई गं आई. ऑफिसात तशी सवय लागती."

"मला मंग बोलताच येईना. सायबाशी बोलल्यावानी वाटतंय." हळूहळू तिनं त्याचे फोन घेणंच कमी केलं. रेंज नव्हती म्हणायची. पोटच्या पोराशी बोलायला माझी आई लाजायला लागली, आणि हे त्याला सांगायचं कसं ते मला उमगत नव्हतं. एकदा सांगून बघितलं तर म्हणाला, "काहीतरीच काय ताई," आणि पुढच्या रविवारची वेळ विचारली.

सहाव्या रविवारी आई केजला आली. एका शेळीचा खूर सडला होता, त्याचं औषध न्यायला जीपनं आली आणि दुपारी माझ्या खोलीवर टेकली. समोर लसणाचा ढीग घेऊन सोलत बसली. मी लॅपटॉप उघडला, हेडफोन घातला. ती म्हणाली, "त्याच्याशीच बोलायलीस का? मलाबी ऐकू दे की त्याचा आवाज."

मी हेडफोन काढून ठेवला आणि स्पीकर लावला. "आई आलीय म्हणून सांगू का?"

"नको. लाजंल ते मित्रांत." तिनं हातानं मला गप्प केलं. म्हणून मी बोलण्यापुरताच माइक चालू करत होते. मग सोलता सोलता कान देऊन ऐकत राहिली. भाऊ "डावीकडे जाऊयात," "काहीही नाहीये इथे," असं बोलत होता. आई पडद्याकडं एकदाच बघून म्हणाली, "ईऽऽ, काय घान हाय गं ही," आणि परत लसणाकडं वळली.

त्या दिवशी आमचं जमून आलं होतं. तीन फ्यूज लिफ्टला बसलेले, चौथा माझ्या हातात. तिघे लिफ्टपाशी उभे, मी लांब बोळाच्या दुसऱ्या टोकाला. पाणी कमरेपर्यंत. मला माझ्याच पाण्याच्या आवाजात काही ऐकू येईना. भावाला मात्र दिसलं. ओरडलं तर जनावर आपल्याकडं येणार हे त्याला ठाऊक होतं. तो ओरडलाच, अगदी बेंबीच्या देठापासून.

"ताऽऽई! पळ! मागं हाय! लई जवळ हाय, पळ गं बाई!"

लसणाची पाकळी आईच्या हातातून खाली पडली. तिचा चेहरा मी बघितला. इतक्या महिन्यांत तो तसा झालेला मी बघितला नव्हता. "बोललं गं," ती म्हणाली. "माझं लेकरू बोललं." जनावर मला सोडून त्याच्या आवाजाकडं निघालं होतं, आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं. त्या एका ओरडण्यासाठी सहाही रविवारची घाण मला माफ होती.

पलीकडं मित्रांना हसू फुटलं. "अरे, 'हाय'? तूपण? 'लई जवळ हाय'?" दोघं खिदळायला लागले.

"गप रे," भाऊ म्हणाला. त्याचा आवाज परत धुऊन आला होता. "मी ताईची नक्कल केली."

त्यांच्या हसण्यावर जनावर गेलं. तिघंही एका दमात खलास झाले. आतडी लिफ्टच्या दारावर उडाली, आवाज बंद पडले. फ्यूज हातात घेऊन मी एकटी जिवंत राहिले. ते तिघं मेलेले, आणि गडबडीत माझा माइक चालूच राहिलेला. मला त्या पडद्याची, त्या पाण्याची, त्या शब्दाची अशी ओकारी आली की माइक बंद करायचंही सुचलं नाही.

आईनं खाली पडलेली पाकळी उचलली, पदराला पुसली. तिला हसण्याचं कारण कळलं नव्हतं. त्या हसण्याखिदळण्यात तिनं नीट ऐकलेला शब्द एकच होता.

"नक्कल म्हनला ना?" तिनं विचारलं. "कशाची काढायलंय? सातबाऱ्याची का?"

मी तिच्याकडं बघितलं. "हां," मी म्हटलं. "सातबाऱ्याची."

"मंग मला सांगायचं की. म्या हाय ना हितं, उद्या तहसीलला जाऊन आनते. आईला सांगायला लाजायलंय कावून?"

हे सगळं त्याला ऐकू गेलं. मेलेल्याला खेळात बोलता येत नाही हे खरं. पण फोन तर होता ना त्याच्याकडं. आईचा लसूण सोलून होईस्तोवर मी माझ्या फोनकडं बघत बसले होते. तो वाजला नाही.