हुकांची चौथी रांग

त्या बॅले कंपनीत नाचणाऱ्या मुली येत नि जात, पण सुईमावशी हलली नाही. एकतीस वर्षं ती नाट्यगृहाच्या तळघरात, नळांच्या गुरगुरीखाली बसून कपडे शिवत आली. तिचा टाका उसवलेला कुणी पाहिला नव्हता. हे ती स्वतःच सगळ्यांना सांगे.

तिथं एक रीत होती. चोळीच्या पाठीला हुकांच्या तीन रांगा. चोळी एकच, पण दर साली वेगळ्या मुलीला यावी म्हणून. पहिली रांग अंगानं भरलेलीला, तिसरी काडीसारखीला. तिसरीच्या पुढं मावशीनं कधी हूक लावला नव्हता.

यंदाचा हंगाम बारा दिवसांवर आला होता. बाहेरच्या भिंतीवर खेळाच्या जाहिरातीचे मोठाले कागद चिकटले होते, आणि पांढऱ्या पाखराचं मुख्य काम पहिल्यांदाच मावशीच्या भाचीला मिळालं होतं. महिन्यापूर्वी माप दिलं तेव्हा पोर पहिल्या रांगेत बसली. मग दुसरीत. मग तिसरीत.

"जेवतेस ना गं?"

"मावशी, तू सुई चालव, तोंड नको." पोर हसली तशी गालांची हाडं वर आली.

काल तिसरी रांगही सैल पडली. पोरीनं मावशीचा हात धरला. तिची बोटं विहिरीतल्या दोरासारखी गार.

"बाईंना कळलं तर काम काढून घेतील. एकच रांग वाढव. माझ्या गळ्याची शपथ."

नाचाच्या बाई कडक, हे मावशीला ठाऊक होतं. तिनं रांग घातली. चोळी अंगाला सालीसारखी बसली. आपल्याच हातावर खूश होऊन मावशी दोन पावलं मागं सरली, आणि आरशात पोरीची पाठ दिसली. मणका न् मणका मोजून घ्यावा. मावशीनं आरशावर कापड ओढलं.

आज तालमीआधी पोर धावत खाली आली, पाठ करून उभी राहिली. मावशीनं हूक लावले. चोळी लोंबत राहिली.

"चौथी रांग कुठंय?"

"उसवली."

"तुझा टाका? उसवला?"

"मीच उसवला. सकाळी."

पोर गर्रकन वळली. "टाचण्या दे! मावशी, टाचण्या!"

मावशीच्या एप्रनला वीसेक टाचण्या खोचलेल्या होत्या. तिनं त्यांच्यावर पंजा दाबला.

"अशीच जा बाईंपुढं."

"जन्मात तोंड बघणार नाही तुझं!"

"नको बघूस. पण बघायला राहा."

चोळी छातीशी धरून पोर जिना चढली. तिची पावलं वाजलीसुद्धा नाहीत. वर पियानो सुरू झाला. मावशीनं पंजा उघडला, रक्ताचे ठिपके एप्रनला पुसले.

मध्येच पियानो थांबला.

बाईंनी थांबवला, की पोर पडली म्हणून थांबला, हे तळघरात कळायला मार्ग नव्हता. मावशीनं चष्मा काढला, कठडा धरला, आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदाच तालीम चालू असताना ती वर निघाली.